खटपट : पाळण्यावरचा डोळा

गेल्या अंकात मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घालायचं ते लिहिलं होतं. उत्तरादाखल पत्रं आली ती मात्र बाळाच्या कॅमेऱ्याबद्दल, एकूण नऊ. इंदूरच्या मराठी घरांतून यंदा पाळणे बरेच हलताहेत असं दिसतं. मी पॉलिटेक्निकमध्ये ३१ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं खरं, पण या कॅमेऱ्यांबद्दल मला जे कळतं त्यातलं निम्मं नातू झाल्यावर, लोकमान्यनगरच्या आमच्या घरात, सुनेशी झालेल्या वादावादीतून कळलेलं आहे. तेव्हा उत्तरं थोडी घरगुती होतील, चालवून घ्या.

काकू, आमचं घर रामबागेत आहे. जुनं बांधकाम, भिंती दीड-दीड फुटांच्या. बाळ पुढच्या खोलीत झोपतं आणि स्वयंपाकघर मागे, चौक ओलांडून. जेलरोडला विचारलं तर दुकानदार मोबाइलवर दिसणारा वाय-फाय कॅमेरा घ्या म्हणतो. हे म्हणतात, स्वतंत्र स्क्रीनवाला मॉनिटर घेऊ, महाग असला तरी. खरा फरक काय? — र. दे., रामबाग

जेलरोडचा दुकानदार "अरे आंटीजी, सब आता है इसमें" म्हणाला की मी विचारते, नेट बंद पडल्यावर इसमें क्या आता है? बहुतेक वेळा तो तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

वाय-फाय कॅमेऱ्यातलं चित्र आधी तुमच्या राउटरकडे जातं, तिथून बहुधा कंपनीच्या सर्व्हरकडे, आणि मग तुमच्या फोनवर येतं. बाळ पंधरा पावलांवर आणि त्याचं चित्र गावभर फिरून आलेलं. त्यामुळे एक-दोन सेकंद उशीर होतो. आमच्याकडे नातवाचं रडणं आधी कानाला ऐकू यायचं आणि मग फोनमधून तेच रडणं पुन्हा. सासरे असते तर म्हणाले असते, एकाच पोराचं दोनदा ऐकायला पैसे मोजले. स्वतंत्र स्क्रीनवाल्या मॉनिटरचं तसं नाही. कॅमेरा आणि स्क्रीन रेडिओ लहरींवर एकमेकांशी थेट बोलतात, मधे राउटर नाही, नेट नाही, ॲप नाही. बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि सारखे चॅनेल बदलत राहतात, म्हणून बाहेरच्या माणसाला मधेच ऐकणं अवघड जातं. तोटा एवढाच की ऑफिसात बसून बाळ दिसणार नाही. मला विचाराल तर हा तोटाच आहे असं नाही, पण त्याबद्दल पुढच्या एका पत्रात.

मुळात ही कल्पनाच वाय-फायच्या फार आधीची. अमेरिकेत १९३२ साली वैमानिक लिंडबर्गचं वीस महिन्यांचं बाळ पाळण्यातून पळवलं गेलं, त्या धसक्यातून झेनिथ कंपनीने १९३७ मध्ये 'रेडिओ नर्स' नावाचा संच काढला. बाळाच्या खोलीत ऐकणारा डबा, आई-बापांच्या खोलीत बोलणारा, आणि आवाज जायचा घरातल्या विजेच्या तारांतूनच. बोलणाऱ्या डब्याचा बेकेलाइटचा घाट इसामु नोगुचि या शिल्पकाराने केला होता. कोणा परिचारिकेच्या चेहऱ्यासारखा दिसतो म्हणे. मला तो फोटोत पाहून रात्री दचकायला झालं असतं.

आता तुमच्या भिंती. खोक्यावर "३०० मीटर" लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. चुना-विटांच्या दीड फुटी भिंतीने त्यातलं किती उरेल हे घरोघरी वेगळं. म्हणून खरेदीआधी फुकटची परीक्षा घ्या. दोन फोन घ्या, दोन्हींचा मोबाइल डेटा बंद, फक्त घरचं वाय-फाय चालू. एक बाळाच्या खोलीत ठेवा, दुसऱ्यावर व्हिडिओ कॉल लावून स्वयंपाकघरात जा आणि वरणाला फोडणी घालून होईपर्यंत बघत राहा. चित्र अडकत असेल तर वाय-फाय कॅमेऱ्याचंही तेच होणार, मग तो कितीही हजारांचा असो. राउटर चौकाच्या बाजूच्या खिडकीत सरकवून पुन्हा बघा, कधी कधी तेवढ्याने काम होतं. आणखी एक. बरेच कॅमेरे राउटरची फक्त २.४ची लाइन पकडतात, ५ची नाही. राउटरवर दोन्हींचं नाव एकच असेल तर जोडणी करतानाच घोळ होतो आणि माणूस कॅमेरा बिघडलेला आहे म्हणून परत करून येतो. दोन लाइनींना दोन नावं द्या. भिंतींतून जायलाही २.४च बरी. पण मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात काम करतो. दूध गरम करताना चित्र फाटलं तर घाबरू नका.

रेडिओवाला संच घेतलात तर दुकानदाराकडून लेखी घ्या की रेंज मिळाली नाही तर आठ दिवसांत परत घेईन. तो आढेवेढे घेईल. घेऊ द्या.

तुम्ही दिवसभर घरातच आहात असं पत्रावरून वाटलं, म्हणून माझं मत तुमच्या यजमानांच्या बाजूने. वाय-फायच घ्यायचा ठरला तर वीज गेल्यावर काय होतं तेही बघून ठेवा. इन्व्हर्टर असला तरी वीज जाताना राउटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि दीड-दोन मिनिटं कॅमेरा आंधळा राहतो. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या पाठीमागे 'यूपीएस' आणि 'इको' असा खटका असतो, तो यूपीएसवर करा. नाहीतर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. आणि कॅमेऱ्याच्या ॲडॉप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण व खाली 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना ते पाहा. रात्रंदिवस खोलीत तापणारी वस्तू तीच आहे.

आमची बेबी पाच महिन्यांची आहे. छत्रीवाली मच्छरदाणी लावतो. दिवसा छान दिसतं, पण रात्री लाइट घालवला की स्क्रीन पांढरीफटक. कॅमेरा बदलून आणला, तेच. — सौ. म. का., सुदामानगर

बिचारा दुकानदार. कॅमेरे दोन्ही चांगले होते.

अंधार झाला की कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. आपल्याला तो उजेड दिसत नाही, भिंगाला दिसतो. तुमच्या घरी तो आधी मच्छरदाणीच्या जाळीवर आपटतो आणि तिथूनच परत येतो, बेबीपर्यंत फारसा पोचतच नाही. मोटारीचे दिवे धुक्यात पडतात ना, तसंच. कॅमेरा जाळीपासून लांब आणि उंच ठेवा, म्हणजे जाळीकडे तिरकं बघेल. तरीही पांढरं दिसलं तर सेटिंगमध्ये नाइट व्हिजन बंद करा आणि खोलीच्या कोपऱ्यात शून्याचा पिवळा दिवा लावा. रंगीत पण अंधुक चित्र मिळेल, ते पुरतं. काही कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे अंधारात लालसर ठिपक्यांसारखे दिसतात, ते ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे. ९४०वाले अजिबात दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला थोडा कमी. बेबी त्या ठिपक्यांकडेच टक लावून जागी राहत असेल तर दुसरे बघा.

पाच महिन्यांची आहे म्हणालात म्हणून न विचारता सांगते. कॅमेरा आणि त्याची वायर पाळण्यापासून किमान तीन फूट लांब हवी. या वयात हात कुठेही पोचतो आणि वायर गळ्याभोवती गुंडाळली जाऊन परदेशात मुलं दगावलेली आहेत. आमच्या सूनबाईंनी पहिल्याच दिवशी कॅमेरा पाळण्याच्या दांडीला बांधला होता, वरून चित्र छान येतं म्हणून. मी तो काढून भिंतीवर, देवाच्या फळीशेजारी ठोकला आणि वायर पट्टीतून वर नेली. त्यावरून दोन दिवस आम्ही फक्त कामापुरतं बोलत होतो.

पाळणा हलवला की दर वेळी फोन वाजतो, 'हालचाल आढळली'. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली की 'आवाज आढळला'. मी रात्रीत चौदा वेळा उठते. — बाळंतीण, परदेशीपुरा

हालचालीची सूचना पूर्णपणे बंद करा. यंत्राला पाळण्याचा झोका आणि बाळाची कूस यांतला फरक कळत नाही. झोळी असेल तर वरून आत काही दिसतही नाही. काही ॲपमध्ये 'रडण्याचा आवाज' वेगळा ओळखायची सोय असते, तेवढी ठेवा आणि आवाजाची पट्टी मध्यम करा. कचरागाडीला मात्र उपाय नाही. स्वच्छतेत इंदूरचा देशात पहिला नंबर आणायचा तर एवढं सोसायला हवं.

आणि बाळ तुमच्याच खोलीत झोपत असेल तर रात्री फोन उशाशी कशाला? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२च्या सूचनांत सांगितलंय की निदान पहिले सहा महिने बाळ आई-बापांच्या खोलीत, पण स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर झोपावं. उशी, लोड, मऊ खेळणी काही नको. खोली एकच ठेवायचं आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. सपाट गादी मात्र सांगावी लागते. झोळीत बाळाची मान पुढे वाकते. जागेपणी, तुमच्या नजरेसमोर थोडा वेळ ठीक, रात्रभर नको. आमच्या आजीने हे वाचलं असतं तर मासिक चुलीत घातलं असतं.

श्वास आणि ऑक्सिजन मोजणारा मोजा घ्यावा का? भाऊ दुबईहून आणतो म्हणतो. — अ. जो., बाळाचे वडील

बाळ पूर्ण दिवसांचं आणि ठणठणीत असेल तर माझं उत्तर नको. बाळ लवकर झालेलं असेल, डॉक्टरांनी काही सांगितलं असेल, तर हा प्रश्न मला नाही, त्यांना विचारायचा.

अशा मोज्यांचा इतिहास बघा. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, एका प्रसिद्ध मोज्याच्या कंपनीला ताकीद दिली की तुम्ही हे वैद्यकीय उपकरण परवानगीशिवाय विकताय. विक्री थांबली. पुढे २०२३ मध्ये तपासणीनंतर नव्या रूपाला परवानगी मिळाली. म्हणजे सगळेच मोजे भंपक असं नाही, पण दुकानात टांगलेला प्रत्येक मोजा तपासलेला नसतो. आणि झोपेत अचानक होणारे मृत्यू टाळण्यासाठी अशा यंत्रांवर विसंबू नका, असं वर सांगितलेली अकादमी स्पष्ट म्हणते. मोजा सरकला की रात्री अडीच वाजता भोंगा वाजतो, घरातले सगळे धावत येतात, आणि बाळ आपलं झोपलेलं. तुमच्या भावाला केशर आणायला सांगा.

माझं वय ७१. मुलगा-सून दोघं नोकरीला, सूनबाई सुपर कॉरिडॉरला जातात. नातू दहा महिन्यांचा, मी आणि एक मावशी मिळून सांभाळतो. गेल्या महिन्यात दिवाणखान्यात कॅमेरा बसवला. मी बंडी-पायजम्यावर असतो. दुपारी बसल्या जागी डुलकी लागते. परवा नातवाला बिस्किटाचा तुकडा दिला तर भिंतीतून आवाज आला, "बाबा, बिस्किट नको ना." हातातला चहा सांडला. तक्रार नाही, पण आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. काय करावं? — एक आजोबा

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि सुनेलाही वाचून दाखवलं. ती हसली आणि मग गप्प झाली, कारण आमच्याकडेही हे झालंय. मी नातवाला थोपटत अंगाई म्हणत होते. माझा सूर काही फार चांगला नाही. मधेच कॅमेऱ्यातून सूनबाईंचा आवाज, "आई, तो केव्हाच झोपलाय." मी त्या दिवशी जेवले नाही. राग नव्हता, पण घास उतरत नव्हता.

आता मी तुमच्याशी नाही, तुमच्या सूनबाईंशी बोलते. हा अंक त्यांच्या हाती पडेल अशी सोय तुम्ही केली असेलच.

ताई, दहा महिन्यांचं पोर घरी ठेवून कामावर जाताना पोटात काय होतं ते मला माहीत आहे. माझ्या वेळी कॉलेजच्या ऑफिसात एकच टेलिफोन होता आणि शेजारच्या वहिनींना निरोप द्यावा लागायचा. तेव्हा कॅमेरा असता तर मीही लावला असता, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही तो बाळ झोपतं त्या जागी नाही, माणसं बसतात त्या जागी लावलाय. तो काढून बाळाच्या गादीवर रोखा, चौकटीत फक्त गादी येईल असा. दुपारी बाळ झोपतं त्या दोन-तीन तासांचं वेळापत्रक ॲपमध्ये घालता येतं, बाकी वेळ 'प्रायव्हसी' चालू. काही कॅमेरे तेव्हा डोळाच आत फिरवतात, ते मला आवडतात, कारण बंद आहे हे फोन न बघता घरातल्या माणसालाही दिसतं. तशी सोय नसेल तर बाबांनी त्यावर टोपी घालावी, त्यांना तो हक्क द्या. बोलायची सोय, म्हणजे तो स्पीकर, आजच बंद करा. बिस्किटाबद्दल सांगायचं असेल तर फोन करा. फोन वाजतो, माणूस तो उचलतो किंवा उचलत नाही. भिंतीतून आलेल्या आवाजाला ती मुभा नसते.

तुमच्या पत्रातल्या मावशींबद्दलही, आजोबा. त्यांना कॅमेरा कुठे आहे, काय दिसतं, ऐकू येतं की नाही, हे सांगितलंय का? नसेल तर सूनबाईंनी स्वतः, समोर बसवून, आपल्या फोनवर चित्र दाखवून सांगावं. त्यांना नको असेल तर तेही ऐकावं. चोरून ठेवलेल्या कॅमेऱ्याने बाई चांगली आहे की नाही हे कळत नाही. तो सापडला की ती काम सोडून जाते, एवढंच. आमच्या गल्लीत दोन घरांत झालंय.

बिस्किटाबाबत मात्र सूनबाई बरोबर आहेत. वर्षाच्या आत साखर नको. नाचणीची खीर खजूर घालून करा, तो खाईल.

मुलगा न्यू जर्सीला. त्याला नात बघायला मिळावी म्हणून पासवर्ड दिला, मग विहिणीने मागितला, मग पुण्याच्या मावशीने. पासवर्ड नातीचं नाव आणि जन्मसाल आहे, सगळ्यांना लक्षात राहावा म्हणून. आता भाचा म्हणतो हे धोक्याचं आहे. — एक आजी, तिलकनगर

भाच्याला जेवायला बोलवा, हुशार आहे.

बारशाच्या पत्रिकेवर छापलेला मजकूर पासवर्ड होऊ शकत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला एका झोपलेल्या मुलीच्या खोलीत कॅमेऱ्यातून परका माणूस शिव्या देत होता. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसने, कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नाही असे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइटी काही तास बंद पाडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली, चांगलं झालं. पण चाचणी कॅमेऱ्याची होते, आजींच्या पासवर्डची नाही.

पासवर्ड बदला, लांबलचक ठेवा. एखाद्या आरतीची मधली ओळ, मधेच दोन आकडे, आणि कुठली आरती ते विहिणीला सांगू नका. ॲपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, म्हणजे नव्या फोनवरून कोणी उघडलं तर ओटीपी तुमच्याकडे येईल. मुलाला पासवर्ड न देता 'शेअर' करता येतं. त्यात तो नुसता बघू शकेल, सेटिंग बदलू शकणार नाही, आणि नको तेव्हा नाव काढताही येतं. राउटरवर 'गेस्ट'ची वेगळी लाइन असेल तर कॅमेरा तिच्यावर टाका, म्हणजे त्यात कोणी परका शिरला तरी बँकेचं काम करता तो फोन वेगळ्या लाइनवर राहील. ॲपने अपडेट मागितलं तर 'नंतर' म्हणू नका. आणि अंघोळ, मालिश, अंगावर पाजणं, यातलं काहीही चौकटीत नको. नातलग कितीही जवळचे असोत.

पुण्याच्या मावशीला दिवसभर लावून ठेवायची सवय असेल तर हेही सांगा. साधारण १ एमबीपीएसच्या चित्राला तासाला ४५० एमबी जातात, दहा तासांत साडेचार जीबी. रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर असतील तर दुपारच्या आतच त्यांची हौस फिटेल.

नणंदेचा जुना कॅमेरा फुकट मिळतोय. घेऊ का? — नाव नको

घ्या, पण नणंदेच्या फोनमधून तो तिच्या हातूनच काढून टाकायला लावा. नुसती वस्तू दिली आणि खातं तसंच राहिलं तर तुमची खोली तिला दिसत राहील. मग बारीक छिद्रात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, तो कोरा होईल. आतलं मेमरी कार्ड तिला परत द्या, त्यात तिच्या घरचं चित्रण असेल. नवं घालताना 'हाय एन्ड्युरन्स' असं लिहिलेलं घ्या, सतत चित्रण होत राहिलं की साधं कार्ड लवकर मरतं. आणि कंपनी त्या मॉडेलला अजून अपडेट देते का ते ॲपमध्ये पाहा. द्यायचं बंद झालं असेल तर बाळाच्या खोलीत नको.

आमचा नातू आता अडीच वर्षांचा आहे. कॅमेऱ्याला तो "डोळा" म्हणतो आणि त्यावर स्वतःचा मोजा चढवतो. मार्चमध्ये आम्ही तो काढून जिन्याच्या खिडकीत लावला. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की खाली बसून कावळे दिसतात. स्पीकर मात्र मी तिथे चालू ठेवलाय.